असं ती म्हणाली

भाचीच्या वहीत एका इंग्रजी वाक्याभोवती लाल गोल होता. वाक्य साधंच होतं: शी सेड दॅट “आय विल कम टुमारो.” गोलाच्या बाजूला बाईंनी नुसतं एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

“मावशी, यात काय चुकलं?” तिनं वही माझ्यापुढे सरकवली. “ती असंच म्हणाली ना, मी उद्या येईन म्हणून? मग तिचेच शब्द ठेवलेत मी.”

“एक तर तो ‘दॅट’ काढ, नाहीतर अवतरणचिन्हं काढ,” मी म्हणाले. लहानपणी मलाही हेच सांगितलं होतं आणि मी मुकाट ऐकलं होतं.

“दोन्ही का नाही ठेवायचं?”

इथे मी अडले. बरीच वर्षं मी मराठी कथा इंग्रजीत नेते आहे. ही चिन्हं दिवसातून शंभरदा माझ्या बोटांखालून जातात. नियम तोंडपाठ आहेत. पण कुणी नुसतं ‘का’ विचारलं, की आपल्याला जे येतं ते नेमकं काय येतं असा प्रश्न पडतो. त्या रात्री मी वहीतलं ते वाक्य डोक्यात घेऊनच झोपले.

सकाळी लक्षात आलं ते इतकं साधं होतं की हसू आलं. पोरगी मराठीत लिहीत होती. अक्षरं तेवढी इंग्रजी होती.

‘ती म्हणाली की मी उद्या येईन.’ मराठीत हे वाक्य अगदी ठाकठीक आहे. आपण ‘की’ म्हणतो आणि थेट त्या माणसाच्या तोंडात शिरतो. ‘मी’ची ‘ती’ होत नाही, ‘येईन’चं काही होत नाही, ‘उद्या’ उद्याच राहतो. यातून गोंधळ होत नाही असं नाही. ‘ती म्हणाली की मी फार बडबड करते’ या वाक्यात बडबडी कोण? ती असेल, किंवा मी असेन. समोर बसलेल्या माणसाला ते माझ्या चेहऱ्यावरून कळतं, आवाजावरून कळतं, आणि मला ओळखत असेल तर न सांगताही कळतं. कागदावर मात्र चेहरा नसतो.

इंग्रजीला असं अधांतरी राहणं खपत नाही. ‘दॅट’ आला की तिचा आवाज बंद, पुढचं सगळं माझ्या आवाजात: शी सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे. ‘आय’ गेला, ‘विल’ गेला, ‘टुमारो’ गेला. सगळी मापं मी जिथे उभी आहे तिथून घेतलेली. अवतरणचिन्ह उघडलं, की मी बाजूला व्हायचं. आत तिचा ‘आय’, तिचा ‘टुमारो’, तिच्या चुकासुद्धा तिच्याच. भाचीच्या वाक्यात एकाच खुर्चीवर दोघी बसल्या होत्या. ‘दॅट’ म्हणतो की सांगणारी बोलतेय, चिन्हं म्हणतात की नाही, ती स्वतः बोलतेय.

बिचारीची चूक म्हणावी, तर आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांनीच तिला ही सवय लावलेली. विरामचिन्हांच्या तक्त्यात दुहेरी अवतरणचिन्हापुढे ‘बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द’ असं असतं, हे आपण सगळ्यांनी घोकलंय. एकेरीपुढे दोन गोष्टी असतात: एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल तेव्हा, आणि दुसऱ्याचं मत अप्रत्यक्षपणे सांगताना. अप्रत्यक्षपणे! म्हणजे मराठीत बोलणं आपल्या शब्दांत फिरवून सांगितलं तरी त्याला चिन्हांचं कुंपण चालतं. इंग्रजीत नेमकं तेच चालत नाही. दोन्ही तक्ते एकाच दप्तरात असतात आणि हा फरक कुणी मुलांना सांगत नाही.

खरं तर मराठीला या चिन्हांची गरज उशिरा पडली, कारण त्यांचं काम करणारे शब्द आपल्याकडे आधीच होते. संस्कृतातला ‘इति’ घ्या. बोलणं संपलं की ‘इति’. म्हणजे मिटणारं अवतरणचिन्ह आहे आणि उघडणारं नाही. ते कुठून सुरू झालं हे ऐकणाऱ्यानं मागे वळून शोधायचं. मराठीत तेच काम ‘असं’ आणि ‘म्हणून’ करतात. ‘येईन म्हणून सांगून गेली.’ ‘मला कंटाळा आलाय असं ती म्हणाली.’ आणि मग आपला तो अजब ‘म्हणे’. ‘तो लग्न करतोय म्हणे.’ कुणी म्हटलं, कधी म्हटलं, कुणाला म्हटलं, पत्ता नाही. शब्द दुसऱ्याचे आहेत आणि जबाबदारी माझी नाही, एवढंच त्या दोन अक्षरांत सांगून आपण मोकळे. याला इंग्रजीत कुठलंही चिन्ह नाही. मी भाषांतरात कधी ‘अ‍ॅपरंटली’ घालते, कधी ‘दे से’, आणि दोन्ही वेळा काहीतरी सांडल्यासारखं वाटतं.

महाभारताचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. कृष्ण अर्जुनाशी बोलतो. ते बोलणं संजय धृतराष्ट्राला सांगतोय. संजयानं काय सांगितलं ते वैशंपायन जनमेजयाला सांगतोय. आणि वैशंपायनानं सांगितलेलं सगळं सौती नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना ऐकवतोय. इंग्रजी नियमानं लिहायचं तर बाहेर दुहेरी, आत एकेरी, त्याच्या आत पुन्हा दुहेरी, पुन्हा एकेरी. गीतेतला एक श्लोक संपला की शेवटी चार चिन्हं ओळीनं उभी राहतील, शाळेच्या फाटकाशी पोरं उभी राहावीत तशी. आपल्या परंपरेनं ‘श्रीभगवानुवाच’, ‘संजय उवाच’ एवढ्यावर भागवलं. कोण बोलतंय ते आधीच सांगून टाकायचं आणि मग बोलू द्यायचं.

मोडी लिहिणाऱ्यांनी तर शब्दाशब्दांत जागा सोडण्याचीही फिकीर केली नाही, चिन्हं लांबच. छापील मराठीत ही चिन्हं रुळली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात मेजर थॉमस कँडी यांचा हात मोठा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातले हे गृहस्थ. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्यांचं पुस्तक १८५० चं. म्हणजे आपली अवतरणचिन्हं पावणेदोनशे वर्षांची. भाषेच्या हिशेबात काल आलेली.

अर्थात इंग्रजीलाही ती काही जन्मापासून नव्हती. हे मला पुष्कळ उशिरा कळलं आणि कळल्यावर बरं वाटलं.

सुरुवात समासातून झाली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात सामोथ्रेसचा अरिस्टार्कस होमरच्या ओळी तपासत बसे. लक्ष देण्याजोगी ओळ दिसली की तो समासात बाणाच्या टोकासारखी खूण करी. तिचं नाव डिप्ली, म्हणजे दुहेरी, कारण ती दोन रेघांची. पुढे ख्रिस्ती लेखनिकांनी तीच खूण उचलली आणि धर्मग्रंथातलं वचन आलं की त्या ओळींच्या बाजूला ती काढू लागले. फ्रेंच लोकांची आजची टोकेरी अवतरणचिन्हं पाहिली की ती जुनी खूणच आठवते. छपाई आल्यावर समासातल्या खुणेच्या जागी स्वल्पविराम आले. तेही बराच काळ बोलणं दाखवायला नव्हते, शहाणपणाचं वाक्य दाखवायला होते. १६०३ साली छापलेल्या हॅम्लेटच्या पहिल्या क्वार्टोत, म्हणजे पहिल्या छापील आवृत्तीत, बाप मुलाला निरोप देताना उपदेश करतो, त्या ओळींच्या डावीकडे हे स्वल्पविराम टांगलेले आहेत. नाटक आहे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माणसं बोलतातच आहेत. चिन्हं मिळाली ती सुविचारांना! वाचणाऱ्यानं ते वहीत उतरवून घ्यावेत म्हणून.

१६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तर एकही अवतरणचिन्ह नाही. बोलणं सुरू झालं की स्वल्पविराम आणि मोठं अक्षर, बस्स. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्येही चिन्हं नव्हती, आणि गंमत म्हणजे त्या ग्रीकला आपल्या ‘की’सारखा एक शब्द आहे, ज्याच्यापुढे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे येऊ शकतात. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा तिला केवढा आधार वाटला! पुढे विसाव्या शतकातल्या भाषांतरकारांनी चिन्हं घालायला घेतली तेव्हा ती कुठे मिटायची हा प्रश्न उभा राहिला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाशी बोलतोय. ते बोलणं १५ व्या वचनाशी संपतं की २१ व्या? काही भाषांतरं इथे मिटतात, काही तिथे. मधलं सोळावं वचन सगळ्यांत प्रसिद्ध. ते येशूच्या तोंडचं की लिहिणाऱ्याचं, हे एका इवल्याशा चिन्हाच्या जागेवर ठरतं. अशा ठिकाणी मी भाषांतरकार असते तर हात थरथरला असता.

बोलणं दाखवण्यासाठी ही चिन्हं पक्की झाली ती अठराव्या शतकात, इंग्रजी कादंबरीबरोबर. माणसं पानंच्या पानं एकमेकांशी बोलायला लागली आणि कोण कुठे थांबतंय हे दाखवणं भाग पडलं. सुरुवातीला बोलणं चालू असेपर्यंत प्रत्येक ओळीच्या डोक्याशी चिन्ह असे. समासातली जुनी सवय. हळूहळू ओळींवरची गळून पडली, उरली ती सुरुवातीला आणि शेवटी. पण एका जागी त्या सवयीचा अवशेष अजून जिवंत आहे, आणि त्यानंच माझी एकदा फजिती केली.

नियम असा: एकच माणूस लांबलचक बोलतोय आणि त्याच्या बोलण्यात परिच्छेद पडतायत, तर प्रत्येक नव्या परिच्छेदाच्या सुरुवातीला चिन्ह उघडायचं, मिटायचं मात्र फक्त शेवटच्या परिच्छेदाच्या अखेरीस. मधल्या परिच्छेदांचे शेवट उघडे. मला हा नियम ठाऊक नव्हता. एका मैत्रिणीच्या भाषांतराची मुद्रितं मी हौसेनं तपासत होते. त्यात एक म्हातारी चार परिच्छेद सलग आपल्या आयुष्याची कर्मकहाणी सांगते. मला दिसलं, की चिन्हं उघडलीत आणि मिटायची राहिलीत. मी मोठ्या मनानं तिन्ही जागी ती मिटवली. इंग्रजी वाचकाला मिटलेलं चिन्ह आणि नवा परिच्छेद दिसला की त्याचा अर्थ एकच: आता दुसरं माणूस बोलतंय. छापून आलं तेव्हा त्या पानावर दोन म्हाताऱ्या कडाकडा भांडत होत्या. “माझा नवरा चांगला होता.” “त्यानं मला कधी सुख दिलं नाही.” मैत्रिणीनं मला माफ केलं, पण त्या पानाला ती अजून ‘तुझं भांडण’ म्हणते.

तर भाचीकडे परत. तिनं ‘दॅट’ काढला आणि नवं वाक्य लिहून आणलं: शी सेड, “आय विल कम टुमारो.” बरोबर. मग म्हणाली, उलटं लिहिते. आणि लिहिलं: “आय विल कम टुमारो.” शी सेड. इथे मला खुर्ची ओढून बसावं लागलं, कारण हीच माझीही जुनी जखम.

मराठीत आपण या ठिकाणी फार बारकाईनं बघत नाही. पूर्णविराम दिला, स्वल्पविराम दिला, काहीच नाही दिलं, कुणी अडवत नाही. इंग्रजीत मात्र ‘शी सेड’ हे वेगळं वाक्य होऊ शकत नाही. ते शेपूट आहे, त्याला धड हवं. म्हणून बोलणं संपलं तरी पूर्णविराम द्यायचा नाही, स्वल्पविराम द्यायचा, तोही मिटणाऱ्या चिन्हाच्या आत: “आय विल कम टुमारो,” शी सेड. बोलणारीचं वाक्य संपलंय, सांगणारीचं संपलेलं नाही, आणि पूर्णविरामावर हक्क सांगणारीचा.

माझा पहिला अनुवाद संपादकाकडून परत आला तेव्हा पानापानावर याच खुणा होत्या. आणि एक टिप्पणी पुन्हा पुन्हा: माणूस वाक्य हसू शकतो का? मी लिहिलं होतं, “यू आर इम्पॉसिबल,” शी लाफ्ड. मराठीत ‘“तूही ना!” ती हसली’ हे किती सहज येतं. त्यात बोलणं आणि हसणं एकाच श्वासात घडतं. इंग्रजी संपादकांचा मोठा वर्ग म्हणतो की हसणं ही बोलण्याची रीत नाही, ती वेगळी क्रिया आहे. म्हणून तिथे पूर्णविराम हवा: “यू आर इम्पॉसिबल.” शी लाफ्ड. स्वल्पविराम असेल तर शब्द हसण्यातून आले, पूर्णविराम असेल तर आधी शब्द आले आणि मग हसू. एका शेपटीचा फरक! सुरुवातीला मला हा निव्वळ किस पाडण्याचा प्रकार वाटला. मग मी माझेच जुने अनुवाद वाचले. माणसं वाक्यं हसत होती, खांदे उडवत होती, मान डोलावत होती, एका कथेत तर एकानं पूर्ण वाक्य शिंकलं होतं. तेव्हापासून मी संपादकाच्या बाजूची आहे.

आणि ‘सेड’. किती कंटाळवाणा शब्द वाटायचा मला! मराठी कान ‘म्हणाली, म्हणाली, म्हणाली’ला लगेच कंटाळतो. मग आपल्याकडे उत्तरली येते, पुटपुटली येते, उद्गारली, खेकसली, कडाडली. मी तीच सगळी वरात इंग्रजीत नेली. पण तिथे ‘सेड’ डोळ्यांना दिसतच नाही, इतका तो झिजलाय. विरामचिन्हासारखाच झालाय जवळजवळ. वाचक त्यावरून घसरत पुढे जातो. एखादी ‘एक्सक्लेम्ड’ मध्ये आली की मात्र ठेचकाळतो.

देवनागरीवाल्यांसाठी एक खास खड्डा आहे, त्याबद्दल इंग्रजीची पुस्तकं सहसा बोलत नाहीत, कारण ती आपल्यासाठी लिहिलेली नसतात. आपल्या लिपीत मोठं अक्षर आणि लहान अक्षर हा प्रकारच नाही. त्यामुळे “व्हेअर आर यू गोइंग?” शी आस्क्ड, या वाक्यात ‘शी’चा एस लहान की मोठा हे आपल्या हाताला आतून कळत नाही. प्रश्नचिन्ह संपलं म्हणजे वाक्य संपलं, मग मोठा एस, असं वाटतं. संगणकही तसंच समजून तो आपल्या नकळत मोठा करून टाकतो. पण प्रश्न तिचा संपलाय, वाक्य चालूच आहे. एस लहान. हे कळायला मला एक डोळ्यांचा व्यायाम करावा लागला. इंग्रजी पुस्तक उघडायचं आणि मजकूर न वाचता फक्त मिटणाऱ्या चिन्हानंतरचं अक्षर पाहत जायचं, पाने उलटत. आठवडाभरात डोळा शिकला.

बोलणं मध्येच तोडून ‘शी सेड’ घुसवताना हीच कसोटी. “आय न्यू,” शी सेड, “दॅट यू वुड कम.” इथे तिचं वाक्य एकच आहे, म्हणून दोन्हीकडे स्वल्पविराम आणि दुसऱ्या तुकड्याचं पहिलं अक्षर लहान. “आय न्यू इट,” शी सेड. “यू ऑलवेज कम.” इथे तिची वाक्यं दोन, म्हणून मध्ये पूर्णविराम. मी भाचीला सांगितलं, मधलं ‘शी सेड’ बोटानं झाक आणि उरलेलं मोठ्यानं वाच. जीभ थांबते का बघ. तिची जीभ बरोबर थांबली. तिसऱ्या वाक्याला तिनं मला न विचारता विराम दिला.

प्रश्नचिन्ह आत की बाहेर, हेही मग आपोआप सुटतं. प्रश्न कुणाचा? तिनं विचारला असेल तर आत: शी आस्क्ड, “विल यू कम?” मी तिच्याबद्दल विचारत असेन तर बाहेर: डिड शी से, “आय विल कम”? उद्गारचिन्हाचंही तेच.

स्वल्पविराम आणि पूर्णविराम मात्र इतक्या शहाणपणानं वागत नाहीत. अमेरिकेत ते सरसकट चिन्हाच्या आत, मग ते मूळ बोलण्यातले असोत की नसोत. शी कॉल्ड इट “अ मिस्टेक,” अँड लेफ्ट. ब्रिटिश रीत म्हणते की तो स्वल्पविराम तिचा नाही, माझा आहे, म्हणून बाहेर. इंग्रजी कसं लिहावं यावर पुस्तक लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी १९०६ सालीच या तर्काची बाजू घेतली होती. शिवाय ब्रिटिश पुस्तकं बहुधा आधी एकेरी चिन्ह वापरतात आणि आतल्या बोलण्याला दुहेरी. अमेरिकेत याच्या उलट. माझं मन ब्रिटिश तर्काकडे ओढतं, कारण जे ज्याचं ते त्याला, हे मला पटतं. पण मला काम देणारे बहुतेक अमेरिकन रीतीचे, तेव्हा मी निमूट आत ढकलते. एका लेखनात एकच रीत ठेवावी, एवढं पुरे. या वादात आयुष्य घालवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची पुस्तकं पूर्ण होत नाहीत.

सरळ चिन्हं आणि वळणदार चिन्हं हाही असाच एक छंद. टंकयंत्रावर कळांची काटकसर करायची होती, म्हणून उघडणारं आणि मिटणारं अशा दोघांसाठी एकच सरळ, बिनचेहऱ्याचं चिन्ह आलं, आणि तेच पुढे संगणकानं वारसाहक्कानं घेतलं. आता संगणक ते आपणहून वळवून देतो आणि दहातून एकदा चुकीच्या बाजूला वळवतो, विशेषतः शब्दाच्या सुरुवातीला अक्षरलोपाचं चिन्ह आलं की.

चिन्हांचा आणखी एक उपयोग आहे, तो बोलण्याचा नाही, चिमटा काढण्याचा. एखाद्याला “विद्वान” म्हणायचं आणि शब्दाला दोन्हीकडून चिन्हं लावायची. शब्द लोकांचा, माझा नव्हे. याला इंग्रजीत ‘स्केअर कोट्स’ म्हणतात. तत्त्वज्ञ एलिझाबेथ अँस्कम यांनी १९५६ मध्ये हा शब्द वापरला. हल्ली तर माणसं बोलता बोलता हवेत दोन दोन बोटं वाकवून ते करतात. ज्यांना हा चिमटा ठाऊक नाही ती जोर देण्यासाठी चिन्हं लावतात. आपल्या एकेरीच्या सवयीनं तर फारच सहज. मग पाटीवर पाणी “शुद्ध” होतं आणि वाचणारा पेला खाली ठेवतो.

नियम इथे संपतात. पण मला ज्यानं खरी झोप लागू दिली नाही तो प्रश्न वेगळाच आहे.

चिन्हं लावली म्हणजे मी वाचकाला सांगते की हे तिचे शब्द, मी फक्त वाहून आणले. खरंच आणले का? ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस याबाबतीत प्रामाणिक होता. युद्धकाळातली भाषणं शब्दशः लक्षात ठेवणं अवघड होतं, म्हणून प्रसंगाला जे साजेसं वाटलं ते मी एकंदर आशय धरून त्यांच्या तोंडी घातलं, असं त्यानं सुरुवातीलाच सांगून टाकलं. त्याच्याकडे अवतरणचिन्हं नव्हती हे त्याचं नशीब. १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर याच चिन्हांवरून खटला गेला: मॅसन विरुद्ध न्यूयॉर्कर मॅगझिन. एका मानसविश्लेषकाचं म्हणणं होतं की लेखात माझ्या तोंडी चिन्हांमध्ये घातलेली वाक्यं मी बोललोच नाही. न्यायालयानं म्हटलं की बोललेला शब्द कागदावर आणताना थोडा बदल होतोच, तेवढ्यानं तो बदनामीचा खोटेपणा ठरत नाही. पण बदलानं अर्थच महत्त्वाच्या रीतीनं पालटत असेल तर ठरू शकतो. मी हे वाचलं आणि माझ्या सगळ्या अनुवादांकडे पाहिलं. मी तर एकूण एक शब्द बदलते. तेच माझं काम.

कथेत चालून जातं. पात्रं दावा लावत नाहीत. पण मागे मी आजीवर एक लेख इंग्रजीत लिहिला. लिहून झाल्यावर मोजलं, तर आजीच्या तोंडी सतरा वाक्यं होती, सगळी चिन्हांमध्ये, सगळी इंग्रजीत. आजीला इंग्रजी येत नव्हतं. ती वाक्यं वाचताना एक परकी, नीटस, जरा पुस्तकी बाई बोलत असल्यासारखं वाटत होतं आणि ती आजीचं लुगडं नेसून बसली होती.

मी एकेक वाक्य फोडायला घेतलं. काहींची चिन्हं काढून ‘दॅट’ घातला, ते माझ्या आवाजात आलं, बरं वाटलं. काही वाक्यं तिची नव्हतीच, मला ती तशी आठवायची होती. काहींबद्दल ताईला फोन केला. ताई म्हणाली, असं नाही, असं म्हणाली होती. अर्धा तास आम्ही एका ‘गं’वरून वाद घातला. मला आजीच्या उत्तरात ‘गं’ ऐकू येत होता, ताईला नव्हता.

शेवटी एकच वाक्य चिन्हांमध्ये उरलं, आणि तेही एका शब्दाचं. काहीही मागा, काहीही विचारा, आजीचं उत्तर एकच असे: “बघू.” इंग्रजीत ते नेता येईना. ‘आय विल सी’ म्हटलं तर आजी एकटी पडते आणि करारी होते. ‘वुई विल सी’ म्हटलं तर तिच्यासोबत कोण हा प्रश्न येतो. ‘लेट अस सी’मध्ये तर ती चष्मा शोधायला उठल्यासारखी वाटते. आजीच्या शब्दात करणारा कुणी नव्हताच. होकारही नव्हता आणि नकारही. मी तो मूळ शब्दच इंग्रजी अक्षरांत लिहिला, दोन्ही बाजूंनी चिन्हं लावली, आत स्वल्पविराम, पुढे लहान एसचं ‘शी सेड’.

संपादकाची टिप्पणी आली. या क्रियापदाचा कर्ता कोण, असं विचारलं होतं. बघणार कोण, ‘आय’ की ‘वुई’?

मी समासात लिहिलं: शी डिडन्ट से.